शुद्ध म्हणजे किती शुद्ध ?



‘शुद्ध’ हा शब्द आपण फार सढळ हातानें वापरतों. तुपाच्या डब्यावर तो असतो, मधाच्या बाटलीवर असतो, विकतच्या पाण्याच्या बाटलीवर तर असतोच असतो. तूप शुद्ध आहे ना, असें आपण दुकानदाराला विचारतों, आणि त्यानें मान डोलावली कीं आपलें समाधान होतें. रसायनशाळेंत काम करणाराचें मात्र एवढ्यानें भागत नाहीं. किती शुद्ध, कशापासून शुद्ध आणि कशासाठीं शुद्ध, असे तीन प्रश्न तो विचारतो. आणि त्यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, असें मला वाटतें. आज या तिसऱ्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे, आणि तेंहि एका अत्यंत नाजूक यंत्राच्या निमित्तानें.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारी नोकरी कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील शाळांत गेली. परंतु या तालुक्यांत शिक्षकाला एक लाभ असा होतो कीं, त्याचे विद्यार्थी पुढें रसायनांच्या नाहीं तर औषधांच्या कारखान्यांत कामाला लागतात, आणि दिवाळीला घरीं आले म्हणजे गुरुजींना चार नव्या गोष्टी शिकवून जातात. मी सांगणार आहें त्यांतलें पुष्कळसें या उलट्या शिकवणीचें फळ आहे.

हा मुलूख रसायनांकडे वळला तो पाण्यामुळें. बोरघाटाच्या माथ्यावरचें पावसाचें पाणी तलावांत अडवून व नळांतून खालीं सोडून वीज करण्याची टाटांची योजना १९१५ सालीं खोपोलीस सुरू झाली. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजघर झालें. चक्रें फिरवून मोकळें झालेलें पाणी खोपोलीहून पाताळगंगेंत जातें आणि भिवपुरीहून उल्हास नदींत. कोंकणांतल्या कित्येक नद्या शिमगा सरला कीं कोरड्या पडतात. या दोन नद्यांना मात्र भर उन्हाळ्यांतहि वाहतें पाणी राहिलें. जेथें बारमाही पाणी तेथें कारखाना, हें ठरलेलेंच. १९६० सालच्या डिसेंबरांत हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिचा कारखाना खालापूर-पनवेलच्या सीमेवर ज्या परिसरांत उभा राहिला तो आज रसायनी याच नांवानें ओळखला जातो. नायट्रोबेंझीन, ॲनिलीन, फॉर्मॅल्डिहाइड असा माल तेथें होत असे. पुढें हा कारखाना तोट्यांत गेला, आणि २०१७ सालच्या मे महिन्यांत तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें घेतला. त्यांतला एक विभाग मात्र मोडीत निघाला नाहीं. नायट्रोजन टेट्रॉक्साइड करणारा तो विभाग ‘इस्रो’कडे सोंपविण्याचें ठरलें, कारण हें द्रव्य अग्निबाणाच्या इंजिनांत इंधन जाळण्यासाठीं लागतें. त्यांत पाण्याचा अंश वाढला तर नायट्रिक आम्ल तयार होतें, आणि तें टाकीची धातु खाऊं लागतें. म्हणजे एरवीं ज्या पाण्याला आपण जीवन म्हणतों, तेंच येथें मळ ठरलें. रंगाच्या कारखान्याला टँकरनें जाणारें ॲनिलीन आणि अग्निबाणाच्या टाकींत जाणारें हें द्रव्य यांच्या शुद्धतेची मोजपट्टी एक असणें शक्यच नव्हतें.

आतां ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें तें पाहूं. त्याचें नांव मास-स्पेक्ट्रोमीटर. रेणूंचें वजन करणारा तराजू, असें म्हटलें तरी चालेल. केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनीं १९१२ च्या सुमारास निऑन वायूचे विद्युत्‌भारित कण चुंबकाजवळून जाऊं दिले, तेव्हां २० वजनाचा आणि २२ वजनाचा असे दोन प्रकारचे निऑन वेगळे पडलेले दिसले. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनीं १९१९ सालीं या युक्तीचें पक्कें यंत्र केलें आणि १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें. परंतु पुष्कळ वर्षें हें यंत्र वायूंपुरतें आणि सहज वाफ होणाऱ्या द्रव्यांपुरतेंच उपयोगी होतें. औषधें, प्रथिनें हीं तापविलीं कीं मोडून जातात. त्यांचें वजन करावें कसें? याला अमेरिकेंतील जॉन फेन यांनीं जी युक्ति काढली ती लग्नांतल्या गुलाबदाणीसारखी आहे. द्रव अतिशय बारीक सुईंतून सोडावयाचा, सुईला कांहीं हजार व्होल्टचा दाब द्यावयाचा, म्हणजे त्याचे विद्युत्‌भारित तुषार उडतात. कोरड्या नायट्रोजनच्या झोतांत ते तुषार सुकत जातात आणि शेवटीं रेणु तेवढे विद्युत्‌भार घेऊन उरतात. फेन यांना याबद्दल २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आज औषधांच्या, अन्नाच्या, रक्ताच्या तपासणींत जें यंत्र दिसतें तें बहुधा याच तऱ्हेचें असतें.

या गुलाबदाणींत जें पाणी, मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल घालावयाचें त्याला द्रावक म्हणतात. कारण तपासावयाचें द्रव्य त्यांत विरघळविलेलें असतें. सर्व मेख येथें आहे. यंत्राला तुमचें द्रव्य कोणतें आणि द्रावकांतला मळ कोणता हें कळत नाहीं. जें जें सुईंतून येईल त्याचें तें इमानानें वजन करील आणि कागदावर शिखर काढून दाखवील.

थोडा हिशेब करूं. शाळामास्तराला तेवढी मोकळीक असावी. बाटलीवर ९९.९ टक्के शुद्ध असें लिहिलें आहे. ऐकावयास हें फार मोठें वाटतें. पण याचा अर्थ असा कीं, एका लिटरांत एक मिलिलिटर, म्हणजे सुमारें वीस थेंब, दुसरेंच कांहीं तरी आहे. यंत्र जें शोधूं पाहतें तें पुष्कळदां शंभर कोटी भागांत एक भाग इतकें थोडें असतें. शंभर कोटींत एक म्हणजे किती ? दहा हजार लिटरचे पांच टँकर पाणी घ्या आणि त्यांत एक थेंब टाका. किंवा मिठाचा एक बारीक कण घ्या. त्याचें वजन साठ मायक्रोग्रॅम धरलें, तर साठ लिटर पाण्यांत तो कण विरघळविल्यावर जें प्रमाण होईल तें हें. आतां ९९.९ टक्क्यांच्या द्रावकांतला मळ शंभर कोटींत दहा लाख भाग भरतो. एक भाग शोधावयाचा आणि तो दहा लाख भाग परक्या द्रव्यांच्या गर्दींत ! जत्रेंत हरवलेलें मूल शोधणें यापेक्षां सोपें, कारण त्या मुलाला निदान हांक तरी मारतां येते.

म्हणून द्रावकांच्या प्रती ठरल्या आहेत. ही कल्पना जुनी आहे. जर्मनींतील मेर्क कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ क्राउख यांनीं १८८८ सालीं प्रयोगशाळेंतील द्रव्यांची शुद्धता कशी पारखावी यावर एक ग्रंथच लिहिला. त्यापूर्वीं विकणाऱ्याचा शब्द हाच पुरावा असे. त्यानंतर अमुक कसोट्यांना उतरलेलें द्रव्य तेंच शुद्ध, असें म्हणण्याची रीत पडली. आपल्याकडील शाळा-कॉलेजांच्या कपाटांत ‘एल्. आर्.’ आणि ‘ए. आर्.’ अशा चिठ्ठ्यांच्या बाटल्या असतात; पहिली साध्या प्रयोगासाठीं, दुसरी मोजमापाच्या कामासाठीं. त्यापुढें द्रवस्तंभांतून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रासाठींची ‘एच्. पी. एल्. सी.’ प्रत, आणि तिच्याहि पुढें मास-स्पेक्ट्रोमीटरसाठींची ‘एल्. सी.–एम्. एस्.’ प्रत.

माझ्या एका विद्यार्थ्याला मीं विचारलें कीं, या शेवटच्या दोन प्रतींत फरक तो काय ? दोन्ही गाळलेल्याच, दोन्ही काचेच्या बाटलींतल्या. मग एक इतकी महाग कां? त्यानें दिलेलें उत्तर मला फार आवडलें. तो म्हणाला, “गुरुजी, पहिलीची परीक्षा प्रकाशानें घेतात आणि दुसरीची वजनानें.” एच्. पी. एल्. सी. प्रतीच्या द्रावकांतून अतिनील प्रकाश अडथळ्याशिवाय जातो कीं नाहीं हें मुख्यतः पाहतात. सोडियमचा अंश किंवा साबणासारखीं द्रव्यें त्या प्रकाशाला अडवीत नाहींत. म्हणून तेथें तीं पास होतात. मास-स्पेक्ट्रोमीटरला प्रकाशाशीं कर्तव्य नाहीं, आणि तेथें हींच द्रव्यें सर्वांत अधिक धिंगाणा घालतात. एका परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी दुसऱ्या परीक्षेंत नापास व्हावा आणि दोन्ही निकाल खरे असावे, असा हा प्रकार आहे.

हीं द्रावकें येतात कोठून, हीहि कथा ऐकण्यासारखी आहे. ॲसिटोनायट्राइल मुद्दाम करण्याचा कारखाना सहसा कोणी काढीत नाहीं. प्रोपिलीन वायु व अमोनिया यांपासून ॲक्रिलोनायट्राइल करतात. त्यापासून थंडींतल्या स्वेटरची कृत्रिम लोकर होते, मोटारींतले आणि यंत्रांच्या आवरणांचे टणक प्लॅस्टिकचे भाग होतात. त्या कामांत शंभर भागांमागें दोन-चार भाग ॲसिटोनायट्राइल आपोआप पडतें. ताक घुसळतांना लोणी हवें असतें आणि ताक उरतें, तसें हें उरलेलें ताक. तें गोळा करून, पुनःपुन्हां ऊर्ध्वपातन करून, जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. २००८ सालीं जगांत मंदी आली, मोटारी खपेनात, म्हणून ॲक्रिलोनायट्राइलचे कारखाने मंदावले; बीजिंगच्या ऑलिंपिकसाठीं चीननें हवा स्वच्छ ठेवण्याकरितां कांहीं कारखाने बंद ठेवले; त्याच सप्टेंबरांत टेक्सासच्या किनाऱ्यावर वादळ येऊन तेथलें उत्पादन थांबलें. पुढचे कित्येक महिने जगांतल्या औषध-तपासनीसांना ॲसिटोनायट्राइल मिळेना आणि मिळालें तर त्याची किंमत कित्येक पटींनीं वाढलेली. डिट्रॉइटला मोटार खपली नाहीं म्हणून येथें गोळी तपासण्याचें काम अडावें, ही जगाची वीण ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्यांनीं त्या वेळीं मिळेल त्या दुकानांतून मिळेल ती बाटली आणली त्यांचें काम दुप्पट झालें, कारण प्रत्येक नवी बाटली आपला नवा मळ घेऊन येत होती.

ऊर्ध्वपातन हा शब्द आतां आला. द्रव तापवून वाफ करावयाची आणि ती थंड करून पुन्हां द्रव करावयाचा, ही विद्या आपल्याकडे अत्तरवाल्यांना व वैद्यांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. १९०७ सालीं प्राध्यापक गज्जर, कोटिभास्कर व अमीन या त्रयीनें जो कारखाना काढला त्याला त्यांनीं ‘अलेम्बिक’ हें नांव दिलें, तेंहि या भट्टीच्या जुन्या भांड्याचेंच. परंतु उकळण्यांत एक खोट आहे. बुडबुडा फुटतांना बारीक तुषार उडतात आणि ते वाफेबरोबर मळहि पलीकडे नेतात. यावर उपाय असा कीं, द्रव उकळूंच द्यावयाचा नाहीं. क्वार्ट्‌झच्या भांड्यांत आम्ल ठेवून वरून दिव्याची उष्णता देतात. पृष्ठभाग तेवढा तापतो आणि गुपचूप वाफ होत राहते. धातूंचे अत्यल्प अंश शोधण्यासाठीं लागणारीं आम्लें अशीं शुद्ध करण्याची पद्धति अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं सविस्तर मांडली. दिवसभरांत थोडकेंच आम्ल मिळतें. पण मिळतें तें निर्मळ. आमच्या सह्याद्रीवर हेंच काम ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत चालूं असतें. समुद्र उकळत नाहीं. तो नुसता सुकत असतो, मीठ मागें ठेवतो, आणि मेघ माथेरान-खंडाळ्याच्या कड्यांवर येऊन रिते होतात. मात्र ढगांतून निघालेला थेंब जमिनीवर पडेपर्यंत धूळ, धूर आणि हवेंतले वायु पिऊन घेतो, आणि पन्हाळीपर्यंत आल्यावर तर विचारूंच नका.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण अत्यंत शुद्ध पाणी सांठवून ठेवणें जवळ जवळ अशक्य आहे. प्रयोगशाळेला तें रोजच्या रोज करून घ्यावें लागतें. नळाचें पाणी आधीं पडद्यांतून दाबून गाळतात, मग क्षार धरून ठेवणाऱ्या राळेच्या कणांतून नेतात, मग अतिनील प्रकाशाखालून. तें किती शुद्ध झालें हें विजेला विचारतात. पाणी जितकें शुद्ध तितकें तें विजेला अधिक अडवितें. २५ अंश उष्णतामानाला १८.२ मेगओम-सेंटिमीटर हा आंकडा आला म्हणजे क्षारांच्या बाबतींत पाण्याची कमाल झाली. १८९४ सालीं जर्मनींत कोलराउश व हायडवायलर यांनीं वारंवार ऊर्ध्वपातन करून या सीमेच्या अगदीं जवळ पाणी नेलें होतें. पण हेंच पाणी उघड्या चंचुपात्रांत ठेवून तुम्ही चहा पिऊन आलांत, तर तेवढ्या वेळांत हवेंतला कार्बन डायऑक्साइड त्यांत विरघळतो आणि आंकडा धाडकन्‌ खालीं येतो. शिवाय १८.२ हा आंकडा क्षारांविषयीं बोलतो; साखर, तेल, साबण यांच्याविषयीं तो मौन पाळतो. मोटारीच्या बॅटरींत घालावयाचें पाणी आम्ही शाळेच्या प्रयोगाला वापरीत असूं आणि त्यावर आमचें उत्तम चाले. या यंत्राला तें पाणी दाखवूंहि नये.

आतां द्रावक तयार करण्याची रीत. मला ती ऐकतांना आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. पाणी भरून आणावयाचें तें झांकून. त्या हंड्यांत दुसरें भांडें बुडवावयाचें नाहीं. ज्या हातानें दुसरें कांहीं शिवलें तो हात तिकडे न्यावयाचा नाहीं. त्या आचारांत माणसानें माणसाचा विटाळ मानण्याचा भाग होता, तो अन्यायाचा होता आणि त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. प्रयोगशाळेंतला विटाळ मात्र खरोखरीचा असतो आणि त्याचें वजन मोजतां येतें.

पहिला नियम, साबण वर्ज्य. घरीं भांडें स्वच्छ करावयाचें तर आपण साबण लावतों. येथें साबणानें धुतलेली बाटली ही घाणेरडी बाटली. साबणांतलीं कांहीं द्रव्यें लांब सांखळीसारखीं असतात आणि सांखळीच्या प्रत्येक कडीचें वजन ४४. म्हणून यंत्राच्या कागदावर ४४-४४ च्या अंतरानें शिखरांची रांग उभी राहते, जणूं कांहीं पायऱ्याच. एका कारखान्यांत, त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, अशी रांग अचानक दिसूं लागली. औषधाचा तयार माल अडकून पडला. यंत्र उघडून झालें, नळ्या बदलून झाल्या, तिसऱ्या दिवशीं कोणीतरी धुणावळीच्या खोलींत डोकावलें. नव्यानें आलेल्या मदतनिसानें बाटल्या चकचकीत दिसाव्यात म्हणून घासून धुतल्या होत्या. बिचाऱ्याचा दोष कोणता ? त्याला घरीं जें शिकविलें तेंच त्यानें मनापासून केलें. साबणाची मनाई त्याला सांगितलीच नव्हती, आणि सांगावयाचें काम वरच्यांचें होतें.

बाटली धुवावयाची ती त्याच द्रावकानें, दोनदां-तीनदां, आणि ती त्या द्रावकापुरतीच राखून ठेवावयाची. मापाचें नळकांडेंहि वेगळें. मूळ बाटलींत पिपेट बुडवावयाची नाहीं. थोडें ओतून घ्यावयाचें, आणि उरलें तर परत ओतावयाचें नाहीं. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घालूं नये, हें आपल्या घरांतील गृहिणींना सांगावें लागत नाहीं. त्यांना हें कलम लगेच पटेल. बुचाला मेणाच्या पट्ट्या गुंडाळावयाच्या नाहींत. प्लॅस्टिक शक्यतों टाळावयाचें, कारण तें मऊ राहण्यासाठीं त्यांत जीं थॅलेट द्रव्यें घालतात तीं मिथेनॉलसारख्या द्रावकांत झिरपतात, आणि ३९१ या वजनावर हमखास शिखर दिसतें. काच तरी निर्दोष आहे काय ? तीहि नाहीं. साध्या काचेंतून सोडियम सुटतो. एरवीं रेणूला हायड्रोजनचा भारित अणु चिकटून त्याचें वजन एकानें वाढलेलें दिसतें. सोडियम चिकटला कीं तें तेविसानें वाढतें. म्हणजे एकाच द्रव्याचीं दोन शिखरें २२ च्या अंतरानें दिसतात, आणि नवशिका मनुष्य नवें द्रव्य सांपडलें म्हणून हर्ष करतो.

आणखी एक चमत्कारिक नियम मला कळला. विकत आणलेलें या प्रतीचें द्रावक पुन्हां गाळावयाचें नाहीं. तें कारखान्यांतच अत्यंत बारीक गाळणींतून आलेलें असतें. आपण आपल्या गाळणींतून गाळलें तर गाळणीचाच अर्क त्यांत उतरतो. स्वच्छतेची हौस हीच येथें घाणीचें कारण होते.

द्रावकांत बहुधा थोडें आम्ल मिसळावें लागतें, म्हणजे रेणूंना विद्युत्‌भार घेणें सोपें जातें. तें आम्ल असें हवें कीं जें वाफ होऊन निघून जाईल. फॉस्फेटसारखे क्षार चालत नाहींत. चहाच्या किटलीच्या तोटीला जसा पांढरा थर बसतो तसा थर यंत्राच्या तोंडाशीं बसतो. म्हणून फॉर्मिक आम्ल वापरतात. हें मूळचें मुंग्यांचें आम्ल. लाल मुंगी चावल्यावर जी आग होते तिच्यांत याचा हात असतो. प्रमाण हजारांत एक, म्हणजे एका लिटरला एक मिलिलिटर. हें एका मिलिलिटरचें काम; पण आम्लाची बाटली प्लॅस्टिकची आणि जुनी असेल तर लिटरभर उत्तम द्रावकाची माती होते. म्हणून काळजीवाले लोक एक-एक मिलिलिटरच्या बंद काचेच्या कुप्या आणतात, एक कुपी एका लिटरांत रिती करतात, आणि फोडलेली कुपी पुन्हां ठेवीत नाहींत. नुसत्या पाण्याची बाटली एक-दोन दिवसांत संपवावयाची, नाहीं तर तिच्यांत शेवाळासारखे सूक्ष्म जीव धरतात. आणि जुन्या बाटलींत नवें पाणी ओतून ती भरून काढणें तर सर्वस्वी निषिद्ध. दुधाच्या कालच्या भांड्यांत आजचें दूध कोणी ओतील काय ?

एवढें करूनहि मळ राहतोच. तो राहणार हें गृहीत धरूनच काम करावें लागतें. त्यासाठीं कोरी चाचणी असते. औषध न घालतां, नुसतें द्रावक, त्याच बाटल्यांतून, त्याच हातांनीं, त्याच मार्गानें यंत्रांत सोडावयाचें आणि जें दिसेल तें कागदावर टिपून ठेवावयाचें. हा झाला आपला स्वतःचा मळ. मग औषधाचा नमुना सोडावयाचा आणि त्याच्या शिखरांतून ही बाकी वजा करावयाची. बाटलीचा घाण्याचा क्रमांक बदलला, कोरी चाचणी पुन्हां करावयाची. हातमोजे बदलले, पुन्हां करावयाची. ज्या अहवालाबरोबर कोऱ्या चाचणीचा कागद जोडलेला नाहीं, त्यावर माझा विद्यार्थी सही करीत नाहीं. कधीं कधीं वरून घाई होते. माल बंदरावर जावयाचा असतो. तरी तो करीत नाहीं. त्याच्या पगारापेक्षां मला त्याच्या या हट्टाचा अभिमान अधिक वाटतो.

हा हट्ट कशासाठीं, तें २०१८ सालीं जगाला दिसलें. त्या वर्षीं जुलैंत व्हालसार्टन या रक्तदाबावरील औषधांत एन्‌. डी. एम्‌. ए. नांवाचें नायट्रोसोअमाइन सांपडल्याचें उघड झालें. तें कर्करोगाला कारण होण्याचा संभव असलेलें द्रव्य. औषधाचा मूळ माल चीनमधील एका कंपनीचा होता. तिनें करण्याची कृति बदलली होती. त्या कृतींतलें एक द्रावक आणि सोडियम नायट्राइट यांच्या संयोगानें हें नकोसें द्रव्य उपजत होतें. पुढील तपासांत असेंहि दिसलें कीं, एकदां वापरलेलें द्रावक गोळा करून पुन्हां वापरण्याच्या चालींतूनहि असला मळ एका औषधांतून दुसऱ्यांत जाऊं शकतो. माणसाच्या पोटांत दिवसाला ९६ नॅनोग्रॅमपेक्षां अधिक एन्‌. डी. एम्‌. ए. जाऊं नये, अशी मर्यादा ठरली. म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतले ९६. एवढें मोजावयाचें तर मास-स्पेक्ट्रोमीटरशिवाय गत्यंतर नाहीं. आणि गंमत पाहा, हेंच नायट्रोसोअमाइन रबराच्या बुचांतून व मोज्यांतून येऊं शकतें, इतकेंच काय, पाणी शुद्ध करणाऱ्या कांहीं राळींतूनहि झिरपूं शकतें ! निर्दोष औषधावर दोष ठेवला तर कारखाना बुडतो आणि रोग्याची चालती गोळी बंद होते. दोषी औषध सोडून दिलें तर काय होतें तें सांगावयास नको. एका वर्षानें रॅनिटिडीन या पित्तावरील औषधाच्या बाबतींत तर असें आढळलें कीं, नमुना फार तापविणाऱ्या एका तपासणींत ती तपासणीच हें द्रव्य निर्माण करीत होती आणि आंकडा भलताच फुगत होता. त्या औषधांत दोष नव्हता असें नाहीं. पण किती होता हें ठरविण्यासाठीं न तापविणारी रीत घ्यावी लागली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर श्रोत्यांना वाटेल कीं हें महागडें यंत्र आणलें कीं सर्व सुरक्षित झालें. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत चौदा रोगी दगावले. त्यांना जें ग्लिसरीन दिलें त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विषारी द्रव्य होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें खरेदी, पुरवठा, तपासणी आणि प्रशासन या सर्वांची झडती घेतली आणि जागोजागच्या ढिलाईवर कडक ठपका ठेवला. हें द्रव्य ओळखण्यासाठीं मास-स्पेक्ट्रोमीटर लागत नाहीं. साध्या साधनांच्या प्रयोगशाळेंतहि तें ओळखतां येतें. कोणी ओळखून पाहिलें नाहीं एवढेंच. १९३७ सालीं अमेरिकेंत हेंच द्रव्य एका औषधाचें द्रावक म्हणून वापरलें गेलें आणि शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यांतून तेथला १९३८ चा औषध-कायदा झाला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत मध्यप्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यांतील खोकल्याच्या औषधाची बातमी आपण वाचली. त्यांतलीं कांहीं मुलें उपचारासाठीं आपल्या नागपुरांतच आणलीं होतीं. तेंच विष, तीच वाट: द्रावक कोठून आणलें आणि पिंप उघडल्यावर तें तपासलें काय, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

असो. वापरून झालेल्या द्रावकांचें काय होतें, हें सांगावयाचें राहिलें. इतक्या सोवळ्यानें तयार केलेलें द्रावक यंत्रांतून गेलें कीं क्षणांत टाकाऊ होतें. तें मोरींत ओतूं नये. ॲसिटोनायट्राइल विषारी आहे, आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतली मोरी शेवटीं पाताळगंगेलाच मिळते. तिच्या खालच्या अंगाला गांवें आहेत, आणि पुढें धरमतरची खाडी. म्हणून तें वेगळ्या पिंपांत सांठवितात. पिंपावर आंत काय आहे, किती आहे, केव्हांपासून आहे, हें लिहावें लागतें. आणि तो पिंप नोंदीच्या कागदासह धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या तळोज्याच्या केंद्रासारख्या ठिकाणीं जातो. माझा विद्यार्थी सांगतो कीं, त्या पिंपाची चिठ्ठी तो स्वतः लिहितो, आणि अक्षर वळणदार काढतो.